आजचा दम कालच्यापेक्षा वेगळा आहे का?

सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा पेशंट तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर विचारतात, ‘काय म्हणतेय तब्येत?’ आणि पेशंट सांगतो, ‘तशी बरी आहे, थोडा दम लागतो एवढंच.’ हे उत्तर खोटं नसतं, पण त्यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. मधल्या काळात दोनदा खोकला बळावलेला असतो. एकदा तर आठवडाभर रात्री उशांना टेकून बसून काढलेल्या असतात. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणून ते निभावलेलं असतं, आणि त्यानंतर देवळापर्यंतचं रोजचं चालणं जे बंद पडलं ते पुन्हा सुरू झालेलंच नसतं. यातली एकही गोष्ट तपासणीच्या खोलीत पोचत नाही. पेशंट काही लपवत नसतो. काही गोष्टी त्याला आठवत नाहीत आणि आठवतात त्या ‘वयानुसार चालायचंच’ या खात्यात गेलेल्या असतात.

घरी रोज दोन ओळी लिहून ठेवायच्या, असा सल्ला फुप्फुसाच्या जुनाट आजारात दिला जातो तो या कारणासाठी. सल्ला साधा वाटतो, म्हणून तो फारसा कोणी मनावर घेत नाही. माझ्या मते या आजारात पेशंटच्या आणि घरच्यांच्या हातात जे थोडंफार आहे, त्यात ही वही फार वरच्या जागी आहे. मात्र ती कशी लिहायची आणि लिहिलेल्याचं पुढे काय करायचं, हे नीट समजून घ्यायला हवं.

सीओपीडीत दोन प्रकारचं नुकसान होतं. श्वासनलिकांच्या बारीक फांद्या सुजून अरुंद होतात, आणि हवेच्या नाजूक पिशव्यांमधल्या भिंती झिजून त्यांच्या मोठमोठ्या ढिल्या पोकळ्या तयार होतात. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, ती छातीत अडकून राहते आणि पुढच्या श्वासाला जागाच उरत नाही. दम्यात अरुंद झालेल्या नळ्या औषधानं बऱ्याच मोकळ्या होतात. इथे झालेली झीज भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२१ मध्ये जगात या आजारानं सुमारे ३५ लाख माणसं गेली. भारतात १९९० मध्ये याचे २ कोटी ८१ लाख पेशंट होते, २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाख झाले. हा बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच आजार आहे हा समज तर आता टाकूनच द्यायला हवा. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं, की जगातल्या सीओपीडीच्या पेशंटपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेलं नसतं. आपल्याकडे त्यात चुलीपुढे उभा जन्म काढलेल्या बायका किती असतील, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल.

हा आजार रोज थोडा थोडा वाढत जातो, असं आपल्याला वाटतं. पण त्याचं खरं नुकसान बरेचदा उसळ्यांमध्ये होतं. साधी सर्दी होते, हवा बदलते, लग्नाच्या मांडवात धूर होतो, आणि दोन-चार दिवसांत खोकला, कफ, धाप सगळंच वर जातं. घरचे म्हणतात ‘अटॅक आला’, डॉक्टर म्हणतात ‘एक्झॅसर्बेशन’. अशी प्रत्येक उसळी ओसरताना फुप्फुसाची थोडी ताकद सोबत नेऊ शकते.

या उसळ्यांबद्दल आज जे माहीत आहे, त्यातलं बरंच पूर्व लंडनमधल्या काही पेशंटांच्या घरातून आलेलं आहे. डॉ. जादविगा वेझिचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तिथल्या सीओपीडीच्या पेशंटांना एक कार्ड दिलं. नेहमीपेक्षा धाप जास्त आहे का, कफ वाढला का, त्याचा रंग बदलला का, सर्दी, घसा, घरघर, खोकला यांपैकी काय आहे, एवढंच त्यावर रोज नोंदवायचं. सलग दोन दिवस लक्षणं वाढलेली दिसली की ती उसळी धरायची. १९९८ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. कार्डांवर दिसणाऱ्या उसळ्यांपैकी जवळजवळ निम्म्या पेशंटांनी डॉक्टरांना कळवल्याच नव्हत्या. ही माणसं अभ्यासात सामील झालेली होती, त्यांना केव्हाही फोन करायची मुभा होती, रोज ती स्वतःच्या हातानं खुणा करत होती, तरीही!

पुढच्या अभ्यासात १०१ पेशंटांच्या अडीच वर्षांतल्या ५०४ उसळ्या तपासल्या गेल्या. उसळीच्या आधीच्या काही दिवसांत धाप, सर्दी, घशाची खवखव आणि खोकला वाढत जाताना कार्डांवर दिसत होता. श्वासाचा जोर मोजणाऱ्या फुंकायच्या यंत्रावरचा आकडा मात्र इतका थोडा हलत होता, की त्यावरून आधी सावध होणं शक्य नव्हतं. म्हणजे इथे माणसाची जाणीव यंत्राच्या पुढे होती. बरं व्हायलाही वेळ लागत होता. निम्म्या पेशंटांना आठवडाभरात बरं वाटे, पण ३५ दिवस उलटून गेल्यावरही दर चार उसळ्यांपैकी एकीत फुंकण्याचा जोर पूर्वपदावर आलेला नव्हता. २००४ मध्ये याच गटानं वेळेचा हिशेब मांडला. लक्षणं वाढल्यापासून औषध सुरू व्हायला जितका उशीर, तितकं बरं होणं लांबतं. एक दिवस दवडला की बरं व्हायला जवळपास अर्धा दिवस जास्त लागतो. वहीचा सगळा उपयोग औषध दोन-तीन दिवस आधी सुरू होण्याच्या या फरकात आहे.

मग वहीत लिहायचं काय?

तीन गोष्टी सुटता कामा नयेत. धाप, कफ किती पडतो आणि कफाचा रंग. या तीन गोष्टींना शास्त्रात मान मिळाला तो कॅनडातल्या विनिपेग इथे डॉ. निकोलस अँथनिसन यांनी केलेल्या अभ्यासामुळे. १७३ पेशंटांच्या उसळ्यांमध्ये काहींना अँटिबायोटिक आणि काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या गेल्या. १९८७ मध्ये निष्कर्ष आला, की धाप, कफ आणि रंग तिन्ही बिघडलेले असतील तेव्हा अँटिबायोटिकचा फायदा सगळ्यांत स्पष्ट दिसतो, आणि यांतलं एकच लक्षण असेल तर जवळपास दिसतच नाही. आपल्याकडे प्रत्येक खोकल्यावर अँटिबायोटिक आणून घेतलं जातं, म्हणून हे ठळकपणे सांगायला हवं.

कफाचा रंग बघायचा तर किळस बाजूला ठेवावी लागते. बेडका पांढऱ्या कागदावर किंवा टिश्यूवर घेऊन दिवसाच्या उजेडात बघावा. पांढरा किंवा पारदर्शक असतो, मग पिवळट होतो, मग हिरवा. हा हिरवेपणा जंतूंचा नसतो. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक हिरवट रंगाचं विकर असतं, त्या पेशी मोठ्या संख्येनं जमल्या आणि फुटल्या की कफ हिरवा दिसतो. काही जणांचा कफ बाराही महिने पिवळसर असतो, त्यांच्यासाठी पिवळा रंग ही बातमी नाही. आपला नेहमीचा रंग कोणता हे माहीत असलं, तरच बदल कळतो. रक्त दिसलं तर मात्र तुलना करत बसू नये, डॉक्टरांना लगेच सांगावं.

धाप मोजणं सगळ्यांत अवघड. डॉक्टर त्यासाठी ० ते ४ अशा पाच पायऱ्या वापरतात. त्यांचं मूळ वेल्समधल्या कोळसा खाणींत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्डिफजवळ खाण कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास करायला एक केंद्र निघालं. त्याचे पहिले प्रमुख चार्ल्स फ्लेचर यांनी कामगारांना विचारायचे प्रश्न ठरवले. चढावर दम लागतो का? सपाट रस्त्यावर आपल्या वयाच्या माणसांबरोबर चालता येतं का? शंभरेक यार्डांवर थांबावं लागतं का? कपडे घालताना-काढताना धाप लागते का? आजही जगभर याच प्रश्नांची सुधारलेली आवृत्ती चालते. मला या प्रश्नांचं कौतुक वाटतं, कारण त्यात ‘किती त्रास होतो’ असं विचारलेलंच नाही. काय करता येतं आणि काय येत नाही, एवढंच विचारलं आहे.

रोजच्या वहीला मात्र या पायऱ्या पुरत नाहीत, त्या फार उंच आहेत. एका पायरीवरून दुसरीवर जायला वर्ष-वर्ष लागतं. शिवाय या आजारात एक फसगत असते. दम लागतो म्हणून माणूस जिना टाळतो, मग बाजार टाळतो, मग अंगण टाळतो, आणि खुर्चीत बसून सांगतो, ‘आता दम लागत नाही.’ ते खरंही असतं. म्हणून रोजच्या जगण्यातली दोन-तीन ठरावीक कामं निवडावीत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवावं. आंघोळ हे त्यासाठी फार चांगलं काम आहे. डोक्यावर पाणी घेताना, केस विंचरताना, दोरीवर कपडे टाकताना हात वर जातात. सीओपीडीच्या पेशंटला श्वास घ्यायला मान आणि खांद्याचे स्नायू मदत करत असतात, हात वर गेले की ते स्नायू दुसऱ्या कामाला लागतात आणि श्वास उघडा पडतो. वाकून चप्पल घालणं, निऱ्या करून खोचणं, उकिडवं बसून भांडी घासणं यांत पोट दाबलं जातं आणि आधीच खाली ढकललेलं श्वासपटल आणखी अडतं. म्हणून तब्येत बिघडायला लागली की ही कामं सगळ्यांत आधी बोलायला लागतात.

समजा, साठी ओलांडलेली एक आजी आहे, आणि तिची आठवीतली नात रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी तिला विचारून वहीत लिहिते. एका आठवड्याचं पान असं दिसेल:

सोमवार. नेहमीसारखं. आंघोळ एका दमात. बेडका थोडा, पांढरा. रोजचा पंप दोन्ही वेळा.

मंगळवार. नेहमीसारखं.

बुधवार. घसा खवखवतो. बाकी नेहमीसारखं.

गुरुवार. आंघोळ करताना मध्ये पाटावर बसली. बेडका जास्त, पिवळट. निळा पंप दोनदा.

शुक्रवार. केस विंचरले नाहीत. बेडका हिरवा. काल रात्री तीन उशा. निळा पंप पाच वेळा.

यात एकही वैद्यकीय आकडा नाही. तरी डॉक्टरांना फोनवर हे वाचून दाखवलं, तर त्यांना जे हवं ते सगळं त्यात आहे. बुधवारी सुरुवात झाली, गुरुवार आणि शुक्रवार असे सलग दोन दिवस बिघाड आहे, तिन्ही मुख्य लक्षणं वर आहेत, आराम देणारा निळा पंप जास्त लागतोय आणि झोपायला उशा वाढल्या आहेत. ‘केस विंचरले नाहीत’ ही ओळ मला या पानावरची सर्वांत मोलाची वाटते, कारण आजीला विचारलं असतं तर तिनं ते सांगितलं नसतं. मंगळवारचा एकच शब्दही तितकाच कामाचा आहे. ‘नेहमीसारखं’ असं वीस वेळा लिहून झालं, की एकविसाव्या दिवशी काय नेहमीसारखं नाही ते ओळखता येतं. पाय सुजले, दिवसा गुंगी राहू लागली किंवा सकाळी डोकं जड होऊ लागलं, तर तेही त्या दिवसाच्या ओळीत यायला हवं.

वही त्या त्या दिवशी लिहिली तरच खरी असते. याचा एक विलक्षण पुरावा आहे, तोही वेगळ्याच आजारातला. जुनाट वेदना असलेल्या पेशंटांना अमेरिकेतल्या संशोधकांनी कागदी डायरी दिली. तिच्या आवरणात प्रकाश ओळखणारा एक सेन्सर दडवलेला होता, त्यामुळे डायरी केव्हा उघडली आणि केव्हा मिटली याची आपोआप नोंद होत होती. २००२ मध्ये निष्कर्ष छापला गेला. पेशंटांच्या नोंदींवर विश्वास ठेवला तर ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या होत्या. प्रत्यक्षात ११ टक्केच वेळेवर होत्या. अनेक जण भेटीच्या आधी बसून मागचे दिवस एकदम भरून काढत होते. यात त्या माणसांना नावं ठेवण्यासारखं काही नाही, शाळेची उपस्थिती भरावी तशी डायरी भरायला लावली की असंच होणार. त्यापेक्षा चार दिवस कोरे राहिले तर राहू द्यावेत, आठवून लिहू नये. वेळही एकच ठेवावी. या आजारात सकाळ सर्वांत कठीण जाते, त्यामुळे सकाळची नोंद संध्याकाळच्या नोंदीशी ताडली तर उगाच घाबरायला होतं.

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले, त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. बोट गार असेल, नखाला रंग लावलेला असेल, हात हलत असेल तर आकडा चुकतो. गडद त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. सीओपीडीच्या अनेक पेशंटांचा स्थिर असतानाचा आकडाच ९०-९२ असतो, तो ९८ करायच्या मागे लागू नये. घरी ऑक्सिजन असलेल्यांनी तर मनानं प्रवाह वाढवूच नये. काही पेशंटांमध्ये जास्त ऑक्सिजननं शरीरातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि माणूस गुंगीत जातो. अशांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य ठेवतात. आकडा लिहायचा असेल तर स्वस्थ बसून, रोजच्या ठरल्या वेळी एकदाच बघून लिहावा. दर अर्ध्या तासानं बोट यंत्रात घालणाऱ्याला त्या आकड्यानंच धाप लागते.

आता वहीच्या मर्यादेकडे येतो. नोंद ठेवली म्हणजे तब्येत सुधारते असं नाही, आणि हे दाखवणारे अभ्यास चांगल्या ठिकाणी झालेले आहेत. स्कॉटलंडमधल्या लोथियन भागात २५६ पेशंटांपैकी निम्म्यांच्या घरी टचस्क्रीन दिले. ते रोज लक्षणं भरत, माहिती थेट वैद्यकीय पथकाकडे जाई. २०१३ मध्ये कळलं, की त्यामुळे दवाखान्यात भरती होणं लांबलं नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या इस्पितळांत ४२६ पेशंटांवर एक प्रयोग चालू होता. त्यात स्वतःची लक्षणं ओळखून घरीच औषध सुरू करायला शिकवलं जात होतं. तो मध्येच थांबवावा लागला, कारण शिकवलेल्या गटात २८ मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात १०. त्याचं पटेल असं कारण आजही सापडलेलं नाही. याउलट कॅनडातल्या क्वेबेकमध्ये २००३ साली छापून आलेल्या अभ्यासात १९१ पेशंट होते. तिथेही स्वतःकडे लक्ष ठेवायला शिकवलं, पण सोबत एक ओळखीची आरोग्यसेविका होती. ती सुरुवातीला दर आठवड्याला घरी येई, पुढे नियमित फोन करी. त्या गटात या आजारासाठी भरती होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं.

या तिन्ही अभ्यासांमध्ये देश वेगळे, पेशंट वेगळे आणि पद्धतीही वेगळ्या, त्यामुळे एकावरून दुसऱ्याला निकालात काढता येणार नाही. पण मला त्यातून एवढं ठामपणे वाटतं, की वहीच्या पलीकडच्या टोकाला माणूस हवा. फोन उचलणारा, पेशंटला नावानं ओळखणारा. आपल्याकडे तो फॅमिली डॉक्टर असू शकतो, छातीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली सिस्टर असू शकते. सर्वांत आधी घरातलं कोणीतरी असायला हवं, ज्याला ‘आज केस विंचरले नाहीत’ याचा अर्थ कळतो.

म्हणून वहीचं पहिलं पान डॉक्टरांकडून भरून घ्यावं. बिघाड सलग दोन दिवस दिसला तर कोणाला फोन करायचा, आराम देणारा पंप किती वेळा घ्यायला हरकत नाही, जादा गोळ्या घरी ठेवायच्या का, ठेवायच्या तर केव्हा सुरू करायच्या. स्टिरॉइडच्या गोळ्या उसळीत लवकर बरं व्हायला मदत करतात, पण मनानं वारंवार घेतल्या तर साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात. त्यामुळे हे पान शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेण्यासारखं नाही. त्याच पानावर तळाशी जी लक्षणं लिहायची, त्यांच्यासाठी वही उघडत बसायचंच नाही: एक वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर पडली, माणूस बडबडतो किंवा जागाच होत नाही, निळा पंप घेऊनही दम बसत नाही. अशा वेळी सरळ १०८ नंबर लावायचा.

ज्यांना सारखं स्वतःकडे बघण्यानंच घाबरायला होतं, त्यांनी रोज लिहू नये. आठवड्यातून एकदा लिहावं किंवा घरच्यांनी न विचारता फक्त बघून लिहावं. भीतीनं श्वास भराभर होतो, छातीत हवा आणखी अडकते आणि खरोखरच दम वाढतो.

तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना आख्खी वही पुढे ठेवली तर ती वाचायला त्यांना वेळ नसतो. आदल्या रात्री घरातल्या कोणीतरी तीन उत्तरं काढून ठेवावीत. या काळात किती उसळ्या आल्या, प्रत्येक किती दिवस चालली, आणि त्यानंतर कोणतं काम सुटलं ते परत आलं नाही. दोन हजारांहून अधिक पेशंटांचा तीन वर्षं मागोवा घेणाऱ्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की पुढच्या वर्षी कोणाला वारंवार उसळ्या येणार हे सांगणारी सर्वांत भरवशाची खूण म्हणजे मागच्या वर्षीच्या उसळ्या. कोणता पंप द्यायचा, एक औषध पुरेल की दोन-तीन एकत्र लागतील, हेही डॉक्टर बऱ्याच अंशी त्याच संख्येवरून ठरवतात. मेडिकलमधल्या गोळ्यांवर निभावलेल्या दोन उसळ्या त्यांना कळल्या नाहीत, तर चिठ्ठीवर मागचंच औषध पुन्हा लिहून येतं. सोबत पंपही न्यावा आणि डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवावा. औषध बरोबर लिहिलेलं असूनही घशातच राहतं आणि छातीपर्यंत पोचत नाही, असं बऱ्याच पेशंटांच्या बाबतीत होतं. वहीत ‘पंप दोन्ही वेळा’ असं रोज लिहिलेलं असलं, तरी त्यावरून ते कळणार नाही.